बॉनेटवरचा डब्बा

सावली गावच्या बसस्टँडसमोर नागसेनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं त्यानं एक नियम पाळला. चालत्या मशीनला हात लावायचा नाही. नियम वडिलांचा, बापूरावांचा. ते धानाच्या गिरणीत मोटारी बघायचे. चांगली चालती मोटार उघडून त्यांनी एकदा ऐन हंगामात गिरणी बंद पाडली, आणि त्यातून जे शहाणपण आलं ते मुलाला दिलं. द्यायला दुसरं फारसं नव्हतं.

चिठ्ठीची सवय मात्र नागसेनची स्वतःची. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सीपीयूच्या डब्ब्यावर तो चिठ्ठी लिहायचा. निळी शाई, खाली सही, सहीवर शिक्का. त्या चिठ्ठीवर कुणी प्रश्न विचारत नसे.

डिसेंबरात हर्षा तिसऱ्यांदा आली. वैनगंगेच्या काठच्या एका गावात ती ग्रामपंचायतीची ऑपरेटर. दुपट्ट्यातून सीपीयू सोडवून तिनं टेबलावर ठेवला.

"सकाळी चालूच होत नाई, भाऊ. पंखा फिरते अन् बसते. दहा-बारा खेपा बटन दाबा, तवा कदी होते, कदी नाई."

नागसेननं वायरी जोडल्या, बटण दाबलं. डब्बा सुरू झाला. पहिल्याच दाबात, मागच्या दोन्ही वेळांसारखा.

"झाला ना?" तो म्हणाला.

"इथी होतेच. म्हनून तं तुमी दोनदा लिहून देल्लं, दोष आढळला नाही. सचिवानं दोनी चिठ्ठ्या माह्या फायलीत लावल्या. म्हनते, मशीन चांगली हाय, बाईच कामचुकार हाय. सोमवारी दुसरी ऑपरेटर घ्याचा ठराव हाय."

आपलं अक्षर दुकानातून निघून पुढे कुठे जातं, हे नागसेननं कधी पाहिलं नव्हतं. हर्षाला चारची परतीची बस धरायची होती. डब्बा तिच्याबरोबर गेला. दुकानात तो कधी मुक्कामाला राहिलाच नव्हता.

शनिवारी सकाळी पहिल्या बसनं नागसेन त्या गावात उतरला. नदीवरून धुकं आलेलं. पंचायतीची झाडलोट करणारी सुकरी पायरीपाशी शेकोटी करून बसली होती. हर्षानं खोली उघडली. फरशीवर डब्बा. हात लावला तर बर्फ.

त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला, बसला. पुन्हा दाबलं. पंखा फिरला, बसला. अकरा वेळा दाबून झाल्यावर त्यानं विचारलं, "हर्षाताई, हा सावलीले आनता कसा?"

"यष्टीनं. सीटवर कंडक्टर ठेवू देत नाई. ड्रायवरभाऊ म्हनते, बॉनेटवर ठिवा."

"इंजिनाच्या?"

"मंग का तुमच्या टकल्यावर?" सुकरी दारातून म्हणाली.

नागसेननं डब्बा उचलला आणि बाहेर, सुकरीचं धान वाळत पडलं होतं त्या ताडपत्रीच्या कडेला नेऊन ठेवला. धुकं फाटलं, ऊन आलं.

"महिना झाला मी सांगून राह्यली," सुकरी धान पायानं परतवत म्हणाली, "त्याले थंडी वाजते म्हनून. झाडूवालीचं कोन आयकते?"

हर्षा हसली. मग हसायची थांबली, कारण सुकरी खरंच महिनाभर सांगत होती.

तासाभरानं डब्बा आत नेऊन नागसेननं बटण दाबलं. सुरू झाला. वडिलांचा नियम होताच. तरी त्यानं वायर काढली, स्क्रू काढले, पॉवर सप्लाय उघडला. आत तीन कॅपॅसिटर पुरीसारखे फुगले होते. थंडीत ते जोर धरत नव्हते, शेकले की धरायचे. पिशवीतून आणलेला दुसरा पॉवर सप्लाय बसवून त्यानं डब्बा त्याच गार फरशीवर ठेवला. पार थंड होऊ दिला. सुरू केला, बंद केला. सात वेळा.

बाराला सचिव आले. प्रवीण त्यांचं नाव. नागसेन चिठ्ठी लिहीत होता, ती त्यांनी उभ्यानंच वाचली.

'दोष पॉवर सप्लायमध्ये होता. मशीन गार असताना सुरू होत नव्हती. मी ती दोन्ही वेळा गरम असताना तपासली, उघडली नाही. माझ्या आधीच्या दोन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. ऑपरेटरची तक्रार पहिल्या दिवसापासून खरी होती.'

"नुसतं दुरुस्त केला असं लिहा ना, भाऊ. तुमचंच नाव खराब होऊन राह्यलं."

"होऊन राह्यलं," नागसेन म्हणाला. "फाइल द्या."

त्यानं शिक्का मारला आणि चिठ्ठी आधीच्या दोन चिठ्ठ्यांच्या वर स्वतःच्या हातानं टाचली. हर्षानं लगेच ती स्कॅन करून पंचायत समितीला पाठवली, त्याच कॉम्प्युटरवरून. सोमवारच्या सभेत ठराव आलाच नाही.

पण ते सोमवारचं. शनिवारी चारच्या बसला गर्दी होती. नागसेन ड्रायवरच्या शेजारी उभा राहिला.

"आज डब्बा नाई?" ड्रायवरनं विचारलं.

"नाई."

थंडी पडायला लागली होती. त्यानं दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले. चांगलंच गरम होतं. एवढं तपासायला त्याला दोन चुकीच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या.