अप्पांची फुलं

अप्पांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. हातपाय लवकर सावरले, पण नावं गेली. वस्तू समोर दिसायची, ती कशासाठी असते तेही कळायचं, शब्द मात्र जिभेवर येत नसे. चमच्याला ते ‘ते, ढवळायचं’ म्हणायचे. निपाणीकडे पोस्टात टपाल वेगळं करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. आसपासच्या खेड्यांची नावं तोंडपाठ असलेला माणूस. आता ते शहरात, बनशंकरीला माझ्याकडे राहायला आले होते आणि मला, स्वतःच्या लेकीला, हाक मारतानाही अडखळत होते.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज चित्रं दाखवा, नावं विचारा. पुठ्ठ्यावरच्या छत्र्या आणि बदकांना अप्पा चारच दिवसांत कंटाळले. मला रानफुलांचे फोटो काढायचा नाद आहे. म्हटलं, यांना शहराबाहेरच्या तुरहळ्ळीच्या रानात न्यावं. चालणं होईल आणि फुलं तरी खरी असतील.

फेब्रुवारी सरत आला होता. गवत वाळलेलं, पण पायवाटेच्या कडेला विष्णुक्रांतेचे निळे ठिपके होते, खडकांपाशी धायटी लाल झाली होती. वाटेवरच्या कानडी रखवालदाराने साप निघतात, स्वल्प जपून, असं बजावलं. मी आधी फूल समोरून टिपायची, मग पान, देठ, पानाची मागची बाजू. नुसत्या पाकळ्यांवरून ओळख पटत नाही. फोटो झाले की अप्पांना विचारायची. हे कोणतं? विष्णु काय? अर्धं नाव आपण द्यायचं आणि थांबायचं, असं बाईंनी शिकवलं होतं.

असे काही रविवार गेले. एकदा भुईरिंगणी दिसली. जमिनीला चिकटून पसरलेली, फुलं जांभळी, पानांवरसुद्धा काटे. मी गुडघ्यांवर बसून फोटो काढले आणि विचारलं, भुई काय? मी पुन्हा विचारलं. अप्पा बाजूच्या दगडावर बसले.

“विचारू नको,” ते म्हणाले. “मला दिसतंय.”

आजारानंतर इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कॅमेरा बंद करून मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी काठीच्या टोकाने एक पिवळं पडलेलं फळ हलवलं आणि तुटक तुटक बोलू लागले. लहानपणी त्यांची दाढ ठणकायची, तेव्हा त्यांची आई याचं बी निखाऱ्यावर टाकायची आणि त्यांना तोंड उघडून धुरावर वाकायला लावायची. डोळ्यांना धार लागायची, ते पळू बघायचे, मग ती मान धरून ठेवायची. कशी, ते दाखवायला त्यांनी स्वतःच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. ‘निखारा’ त्यांना सापडला नाही, हाताने लाल, गरम अशी खूण केली. झाडाचं नावही आलं नाही.

ते नाव मला कितीतरी वर्षं ठाऊक होतं, शास्त्रीय नावासकट. पण ही आजी मला कुणी सांगितली नव्हती. माझ्या जन्माआधीच ती गेली होती.

मी प्रश्न विचारणं सोडलं. बाईंना भीत भीत तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बोलतायत ना, मग बोलू द्या. रानात आता नावं मी सांगते आणि अप्पा ऐकतात. कधी मान हलवतात, कधी त्यावरून त्यांना तिसरंच काही आठवतं. काही शब्द परत आले. काही सकाळी एकही येत नाही, तेव्हा आम्ही नुसतेच चालतो.

मी त्यांना माझा जुना मोबाईल दिला आहे. त्यांचे बरेचसे फोटो हललेले निघतात. गेल्या रविवारी मात्र खडकाच्या भेगेतलं एक इवलंसं पांढरं फूल त्यांनी अगदी स्वच्छ टिपलं. मला ते ओळखता आलं नाही. फुलं ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं, तर दोघांनी दोन नावं सुचवली आणि तिसऱ्याने पानाचा फोटो मागितला. पान आम्ही काढलेलं नाही. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तो फोटो दाखवतात आणि समोरचा काय म्हणतो याची वाट बघतात.