तीन तासांचं नागपूर

कडूबा गाडीवानाला अंतर विचारलं की तो मैल सांगत नसे, पाणी सांगे. मेहकर एक पाणी, शेगाव तीन पाणी; वाटेत बैलांना जितक्यांदा पाणी दाखवावं लागे, तितकं अंतर. माणूस कितीही घाईत असो, कडूबा एक पाणी कमी करत नसे. लोक चिडत, पण त्याने सांगितलेल्या वेळेलाच घरात चुलीवर तवा चढे.

सत्तेचाळीसच्या फाल्गुनात अन्नपूर्णाबाईंनी अंथरूण धरलं. एकुलता एक हिंमतराव मुंबईला नोकरीत. शेवटचं गंगेचं पाणी त्याच्या हातून तोंडात पडावं, एवढीच म्हातारीची आस. तार गेली. उलट तार आली: उद्या विमानाने नागपूरला येतो.

गाव हरखलं. निवृत्ती मास्तरांनी नकाशावर दोरा ताणला. चारशे तीस मैल, तीन तास! दुपारी लेक उंबऱ्यात, असं त्यांनी म्हातारीच्या कानात सांगूनही टाकलं. दोरा आमच्याच गावावरून जातो, हे त्यांना दिसलं; विमान इथे थांबत नाही, हे सुचलं नाही. शहाण्याला सांगणार कोण? हिंमतराव रात्रीच्या मेलने निघाला असता तर सकाळी शेगावला उतरून संध्याकाळी घरी पोचला असता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आभाळात घरघर झाली. “आले, आले!” करत सगळे अंगणात धावले. विमान न थांबता पुढे गेलं. कडूबा हिंमतरावाला आणायला शेगावला निघायच्या तयारीत होता. म्हातारीने त्याला आत बोलावलं.

“कडूबा, तूच सांग. माह्या लेकाले अजून किती पाणी राह्यले?”

मास्तरांनी त्याला डोळ्यांनी खुणावलं. कडूबाने ते पाहिलंही. खाली बसून तो म्हणाला, “माय, ते नागपूरले चालले. तिथून रातची रेल्वे. पहाटी शेगाव, मंग तीन पाणी. उद्या दिवे लागतीन.”

म्हातारीने उशाशी ठेवलेल्या गंगेच्या गडूकडे पाहिलं. “उद्यापर्यंत काही मी राह्यत नाही,” ती म्हणाली. “गडू घे. तूच पाज, बापा.”

त्याने गंगेचा गडू फोडला. दोन चमचे पाणी ती प्याली. मग त्याने गाडी जुंपली.

मीही तेव्हा त्याच्यावर चिडलो होतो. दोन शब्द खोटं बोलला असता तर काय जीभ झडली असती? म्हातारी आशेवर तर राहिली असती! पण दुपार कलायच्या आत तिने प्राण सोडला. आशेवर ठेवली असती, तर ती कोरड्या तोंडाने गेली असती. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याची मला लाज वाटते.

पुढचं कडूबाने एकदाच सांगितलं.

“मुंबईहून नागपूरला तीन तासांत आलो रे,” शेगावला उतरताच हिंमतराव म्हणाला. “आई कशी आहे?”

“म्या निंघालो तवा होती.”

पहिल्या विहिरीवर बैल सोडले, तेव्हा कडूबाने मन घट्ट केलं. “पाणी तुमच्याच हातचं पाह्यजे होतं तिले. म्या पाजलं. तुमी तवा डोक्यावरून चालले होते.”

बैलांचं पिऊन झालं. कडूबाने पुन्हा बादली ओढली, तेव्हा हिंमतराव कोट-बुटासकट विहिरीकाठी उकिडवा बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

“मलेही तूच पाज,” तो म्हणाला.