हरणांसाठी लावलेल्या बोरी

आमचे हे मला पोलीस पाटलीण म्हणतात. ज्या माणसाने जन्मभर कंडक्टरकी केली आणि प्रत्येक प्रवाशाकडे हा बिनतिकिटाचाच असणार अशा नजरेने पाहिलं, त्याने मला संशयी म्हणावं म्हणजे कमालच झाली. पण संशयी मी आहे, खोटं कशाला बोलू?

ह्यांची नोकरी चालू होती तोवर शेत मीच केलं. तलवाड्याच्या अलीकडे, माळाच्या पायथ्याला आमचं रान आहे. वर मुरमाड पट्टी, खाली काळी जमीन. त्या काळ्या तुकड्यात मी दरवर्षी हरभरा करते. हे रिटायर होऊन घरी आले आणि त्याच सुमारास मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला. ‘आता दोघं इकडंच या’ असा त्याने धोशा लावला. मी सरळ नाही म्हणून टाकलं. हे मात्र काहीच म्हणेनात. होय नाही आणि नाहीही नाही. तेव्हापासून मला ह्यांचा भरवसा वाटेना.

अशात एका सकाळी नारायणगडाला दर्शनाला जातो म्हणून हे गेले आणि संध्याकाळी पिशवीभर रोपं घेऊन परतले.

“परसाद कुटाय?” मी विचारलं.

“हाय की, खिशात हाय,” असं म्हणून ह्यांनी चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवली आणि रोपं घेऊन थेट माळाकडे निघाले.

गावठी बोरी होत्या आणि करवंदाच्या जाळ्या. ऐन हिवाळ्यात, पाऊस सरल्यावर कोण झाडं लावतं? तरी ह्यांनी मुरमात टिकावाने खड्डे खणले, विहिरीवरून बादलीने पाणी वाहिलं. कंबर धरून घरी आले, पण कुरकुर केली नाही. एरवी भाजीला मीठ कमी पडलं तरी कुरकुरणारा हा माणूस!

“कुणासाठी चाललंय एवढं?” मी विचारलं.

“हरणासाठी,” हे म्हणाले आणि पाणी प्यायले.

इथे जरा सांगायला हवं. हरीण चित्रात फार छान दिसतं. आमच्याकडे ते कळपाने येतं, हरभऱ्याचे शेंडे खुडतं, पुढे घाटे भरले की तेही खातं. हाकललं तर उड्या मारत माळावर जातं आणि तिथून आपल्याकडेच बघत उभं राहतं. म्हणून अख्खा गाव रानाभोवती जुन्या साड्या बांधतो. वाऱ्यावर फडफडल्या की हरीण बिचकतं. आमच्या बांधाने चालत गेलात तर माझा सगळा संसार तुम्हाला दिसेल. लग्नातला शालू, बारशातली जांभळी, भावाच्या लग्नातली पिवळी, सगळ्या उन्हाने विटलेल्या. हरणांना हाकलायला बायकोच्या साड्या बांधणारा माणूस आता त्यांच्यासाठी बोरी लावत होता. कुठेतरी पाणी मुरतंय, हे सांगायला जोतिषी नको होता.

जाऊबाईंनी तर माझ्या मनातलंच बोलून दाखवलं. “मला तर वाटतंय, हरणं आणून तुजा हरभरा संपवायचा बेत हाय. पीकच हाती न्हाई लागलं की तू आपसूक पुण्याला जायला तयार व्हशील.”

मी वरवर हसले. पण त्या दिवसापासून माझं लक्ष ह्यांच्यावरच. हे फोनवर बोलायला अंगणात जायचे आणि मी तांदूळ निवडत दाराशी बसायचे. एकदा स्पष्ट ऐकलं, “तुज्या आयला काय सांगू नगंस.” मुलाशीच बोलत होते! माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. बाप-लेकाने मिळून रान माझ्या हातून काढायचं ठरवलं, अशी माझी खात्रीच झाली. राग तर आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. मी त्या तुकड्याशिवाय दिवस कसा काढणार होते? फ्लॅटच्या गॅलरीत कोथिंबीर लावून?

दुसऱ्या दिवशी रानात गेले आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माळाच्या कडेची हिरवी साडी जागेवर नव्हती. माझ्या आईने ओटीभरणाला दिलेली, पार विरलेली. तिच्या जागी नुसती सुतळी होती. साड्या काढायला सुरुवातही झाली, मी मनात म्हटलं, आणि तरातरा माळ चढले.

हे बोरीभोवती बाभळीचे काटे लावत होते. ज्या हरणांसाठी झाडं लावली त्यांनीच कोवळी पानं खाऊ नयेत म्हणून ही राखण! दुसरी वेळ असती तर हसले असते.

“माजी हिरवी साडी कुटाय?”

ह्यांनी काटे खाली ठेवले. बराच वेळ बोटातला काटाच काढत बसले. मग म्हणाले, “पुरली.”

“पुरली?”

“गडाला गेलो त्याच्या आदी पाडस अडकलं व्हतं तिच्यात. म्या सकाळी गेलतो तवा गार पडलं व्हतं. मानंला असा पीळ बसलेला, सुटंना. मग साडीसकट पुरलं.” माळाकडे हात करून म्हणाले, “आई तिथं उबी व्हती. हाकललं तरी हालंना. दुसऱ्या दिवशीबी तिथंच.”

माझ्या आईची ती साडी डोळ्यांपुढे आली.

“मला सांगितलं कावून न्हाई?”

“तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी समद्या साड्या सोडल्या असत्या. आन मग हरभरा गेला असता. तुजा जीव हाय त्याच्यात.” रोपाभोवतीची माती चापत म्हणाले, “पोराला इचारलं, हरणं काय खातेत ते मोबाईलवर बघ म्हणून. वरच पोट भरलं तर खाली कशाला येतेल?”

मी तरी लगेच विश्वास ठेवला नाही. स्वभावच तसा. “आन पुण्याचं काय ठरलंय तुमचं दोघांचं?”

हे त्या वीतभर रोपाकडे बोट करून म्हणाले, “मुरमातली गावठी बोर हाय ही. बोरं लागायला चार-पाच वर्षं जातेल. पुण्याला जायचं असतं तर म्या ही कावून लावली असती?”

जन्मभर शेती केलेल्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. मला रडू आलं आणि ते ह्यांना दिसलंही. मी बोरीजवळची बादली ओढून घेतली. तळाशी जेमतेम पाणी होतं.

“एवढुशा पाण्यानं बोर जगत असती का?” असं म्हणून मी विहिरीकडे निघाले.