स्कॅनवाले भैया

जयपूरच्या दवाखान्यातले स्कॅनवाले भैया कधीच निकाल सांगत नाहीत. "वो डॉक्टरसाहब बताएंगे," म्हणत चष्मा पुसत राहतात.

आमच्या ह्यांचं स्वादुपिंड सुजलं होतं. दुर्बिणीतून सुईने काढलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटली असेल, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज उतरली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन.

आज पुन्हा स्कॅन झाला. भैयांनी मला आत बोलावलं, जुना आणि नवा फोटो शेजारी लावून पेनाने जागा दाखवली.

"बताना मना है भाभीजी, देखना मना नहीं. आप ही बोलो."

मी कुणापुढे बोलत नाही. पण जुन्यात दुधीसारखं फुगलेलं, ते नव्यात काकडीएवढं होतं.

"उतरली! सूज उतरली!"

बाहेरच्या बाकावरून हे म्हणाले, "अगं, तू ओरडलीस?"