पासलीचा सॉर्टर आणि माळ्यावरची पातेली

रत्नाचं माहेर हिर्डोशीचं. तिथं एसटी येते, पण तिच्या मर्जीनं. म्हणून खालच्या वळणावर गाडीचा आवाज ज्याच्या कानावर पडेल त्यानं अख्ख्या वाडीला हाळी घालायची, असा तिथला शिरस्ता. ज्याला भोरला जायचंय तो पिशवी घेऊन पळत सुटतो, ज्याला नाही जायचं तोही कोण निघालं ते बघायला दारात येतो. रत्ना हाळी घालण्यात लहानपणापासून पटाईत. पुढं भोरला मावशीकडं राहून ती बारावी झाली, कॉम्प्युटर शिकली, लग्न होऊन पासलीला आली. पण एखादी गोष्ट एकाच माणसाला सांगणं तिला काही जमलं नाही. तिला दिवस गेले तेव्हा आपल्याआधी दूधवाल्याला कळलं होतं, असं तिचा नवरा गोरख अजून सांगतो. गोरख टेम्पो चालवतो. भाडं नसलं की बायकोची चेष्टा करतो, आणि भाडं रोज नसतं.

तर या बाईनं बचत गटाच्या गळ्यात सॉर्टर बांधला. तांदूळ निवडायचं मशीन. वरून तांदूळ सोडायचा. आतला कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि डागी दिसला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. पासलीच्या बायकांच्या माना सुपावर वाकून वाकून आखडल्या होत्या, त्या सरळ होतील, असं रत्नानं दारोदार जाऊन सांगितलं होतं. सांगण्यात ती कमी पडली नाही. कमी पडलं ते मशीन.

ते होतं जुनं, वापरलेलं. त्याचा कॉम्प्युटर रस्त्यातल्या खड्ड्यांनी वाटेतच गचकला. भोरच्या हाफिजनं दुकानात बसून दुसरा तयार केला, जुना प्रोग्राम त्यात उतरवला आणि मशीनला जोडल्याशिवाय चालवून बघता येत नाही म्हणून तसाच पाठवून दिला. रत्नानं जोडला, बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ उमटली, की शेअर्ड लायब्ररी सापडत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच ओळ.

गटाच्या अध्यक्ष धोंडाबाई, ज्यांना सगळ्याजणी नानी म्हणतात, त्या हाताची घडी घालून मागं उभ्या होत्या.

"आमचं सूप कदी म्हणलं न्हाई बाई, काय सापडंना म्हणून."

"नानी, दोन दिवस द्या."

"शनवारपातुर दिलं. चाललं तर ठिवू, न्हाई तर परत. गोरखचा टेम्पो हायेच."

मशीन परत गेलं असतं तर गेलं असतं. पण त्यानंतर पासलीत रत्नाचं कुणी ऐकलं नसतं. ज्या बाईचा सगळा जीवच सांगण्यात, तिला याहून मोठी शिक्षा कुठली.

तिनं हाफिजला फोन लावला.

"वैनी, लायब्ररी म्हणजे सामायिक सामान," हाफिज म्हणाला. "धा प्रोग्रामांना लागणारी चीज प्रत्येकानं आपल्याजवळ कशाला ठेवायची? एका जागी ठेवलेली असते. ज्याला लागंल तो तिथनं उचलतो."

"म्हणजे गावकीची भांडी."

"आँ?"

"देवळामागच्या खोलीत असत्यात. ज्याच्या घरी लगीन, त्यानं न्यायची."

"हां, तसंच. तुमच्या मशीनला जुन्या घडणीची भांडी लागतात. ती त्याच्याच फोल्डरमध्ये पडल्यात, पण प्रोग्राम जातोय देवळात. त्याला निघायच्या आधी सांगायचं, बाबा, पहिलं हितं बघ. त्यासाठी एक ओळ असते, लिहून घ्या."

रत्नानं लिहून घेतली. एलडी लायब्ररी पाथ, पुढं बरोबरचं चिन्ह, पुढं त्या फोल्डरचा पत्ता. हाफिज पुढं म्हणत होता, "आता ही ओळ कुठं लिहायची ती जरा..." तेवढ्यात हिचं "कळलं, कळलं" झालं आणि फोन बंद.

ओळ तिनं लिहिली, पण हिर्डोशीच्या पद्धतीनं. कॉम्प्युटर चालू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, म्हणजे नंतर उघडणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या कानावर ती जाणार. कॉम्प्युटर बंद करून परत लावला आणि सॉर्टर घरघरत जागा झाला. बायका गोळा झाल्या. काळे दाणे फटाफट उडू लागले. नानींनीसुद्धा हाताची घडी सोडली.

मग पिशव्यांवर लावायची लेबलं छापायला गेली, तर लेबलांचा प्रोग्राम उघडेना. इंटरनेटही उघडेना. तिनं ती ओळ काढली; लेबलं छापली गेली आणि सॉर्टर निपचित. ओळ घातली की सॉर्टर जागा, लेबलं झोपली.

"दोन सवती हायत्या त्या," नानी म्हणाल्या. "उद्या शनवार हाय, ध्यानात ठिव."

दिवेलागणीला रत्ना भाकऱ्या थापत होती, म्हणजे पीठ बडवत होती. सासू साळूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. देवळामागच्या खोलीची किल्ली त्यांच्याच कनवटीला असते. सुनेनं सगळं सांगितलं. न सांगून जाते कुठं.

"सगळ्यास्नी सांगितलंस व्हय?" साळूबाई म्हणाल्या. "तुज्या लग्नात ह्यानं बी त्येच केलं हुतं."

"आता माझं काय काढलं?" गोरख म्हणाला.

"गावकीची पातेली वऱ्हाडाला पुरंनात, म्हणून भोरास्नं मोठी आणून माळ्यावर ठिवलेली. ह्या शाण्यानं देवळाच्या माइकवर सांगितलं, भांडी आमच्या माळ्यावरनं न्या. त्याच दिवशी रखमाजीकडं पूजा. त्याची माणसं बी माळ्यावरच आली. परसाद एवढुसा, आन् पातेल्यात म्हशीनं बसावं. रवा करपून कोळसा झाला. रखमाजी अजून माज्याशी धड बोलत न्हाई."

"मग मी काय करायला पायजे हुतं?"

"आचाऱ्याच्या कानात सांगायचं. माइक कशाला?"

रत्नाचा हात थांबला. मग ती पीठभरल्या हातानंच उठली.

"अगं, भाकरी," साळूबाई म्हणाल्या.

"तुमी थापा आत्याबाई, आलेच."

मशीनची शेड हाकेच्या अंतरावर. तिनं हात धुतले आणि ती ओळ कॉम्प्युटर चालू होताना वाचतो त्या फाइलमधून कायमची पुसली. एक नवी छोटी फाइल केली. तिच्यात आधी तीच ओळ, आणि खाली सॉर्टरचा प्रोग्राम चालू करायची आज्ञा. बटणावर टिचकी मारली की आता ही फाइल चालणार. ऐकणारा एकटा सॉर्टर. बाकीचे आपले देवळात जाऊन नेहमीची भांडी घेणार.

सकाळी गोरख टेम्पो आणि दोर घेऊन शेडपुढं हजर. नानींनी सुपातून आणलेले मूठभर काळे दाणे चांगल्या तांदळात मिसळले आणि म्हणाल्या, "लाव." सॉर्टर लागला. काळे दाणे एका बाजूला, पांढरा तांदूळ दुसऱ्या. शेजारी लेबलं छापून निघत होती.

नानींनी बाजूला उडालेले दाणे सुपात घेतले, पाखडले आणि डोळ्यांशी धरून बघितले. त्यात चार दाणे पांढरेशुभ्र निघाले. पासलीत त्या दिवशी त्यांच्याइतकं खूश कुणी नव्हतं.

"चांगलं बी उडिवतंय की गं हे. ह्याच्यापाशी कुणीतरी सूप घिऊन बसाय लागतंय."

"मग बसा की नानी."

"बसतीया. मान काय माजी आखडली न्हाई." त्या मशीनच्या तोंडापाशीच बैठक मारून बसल्या. "काल मरून पडलं हुतं. काय केलंस गं?"

"काय न्हाई. कानात सांगितलं."

गोरख दोर हातात धरून बायकोकडं बघत होता.

"गोरखा, दोर घिऊन काय हुबा राहिलास?" नानी मान वर न करता म्हणाल्या. "पिशव्या भरत्यात, त्या बांध."