शनिवारी शिफ्ट नको

"मोठ्यानं वाच. इथं कुणी झोपलेलं नाही."

कॅनडात, हॅलिफॅक्समधल्या ज्या वाचनालयात मी तीन वर्षं जवळजवळ दर शनिवारी जात होते, तिथला हा एकमेव नियम. पुस्तक घरी न्यायचं असेल तर आधी त्यातलं एक पान उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवायचं. तुम्ही-आम्ही पाहिलेल्या वाचनालयांत 'शांतता राखा' अशी पाटी असते. इथं कुणी मनातल्या मनात वाचताना दिसलं, की वाचनालय चालवणाऱ्या बाई टेबलावर दोनदा टकटक करायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. एकदा एक नवीन आलेला माणूस लाजून पुस्तक परत ठेवून निघाला. बाई त्याच्यामागे पायऱ्यांपर्यंत गेल्या. "बरं, अर्धं पान," म्हणाल्या. तो हसला आणि परत आत आला.

बाई आफ्रिकी वंशाच्या, साठी ओलांडलेल्या. त्यांची माणसं दोनशे वर्षांपासून याच किनाऱ्यावर राहत आलेली. तरी बसमध्ये कुणीतरी विचारायचंच, तुम्ही मूळच्या कुठच्या? त्या आपल्या गावाचं नाव सांगायच्या. बसने अर्ध्या तासावरचं गाव.

"नाही, म्हणजे त्याआधी?"

"त्याआधी त्याच्या शेजारच्या गावात."

आमची ओळख मात्र वाचनालयातली नव्हे, कामावरची. मी इथल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या निवासात, कर्मचाऱ्यांच्या शिफ्ट लावते. बाई तिथल्या लाँड्रीत होत्या. चादरी, गाऊन, टॉवेल, सत्तावीस वर्षं तेच. मी नवीन लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शनिवारी मला शिफ्ट नको."

"का?"

"वाचनालय उघडायचं असतं."

"शनिवार सगळ्यांनाच नको असतो," मी म्हटलं.

"मग सगळ्यांना वाचनालय उघडायला सांग."

मी त्यांना लगेच शनिवार मोकळा दिला नाही. पुढच्या महिन्यात, तो देण्याआधी, हे खरंच आहे का ते बघायला गेले. असं बघायला जाण्याचा माझा स्वभाव आहे.

लाकडी घराचा तळमजला. आधी तिथं केस कापायचं दुकान होतं. केस वाळवायची एक जुनी खुर्ची, वर डोक्यावर घ्यायच्या टोपासकट, कोपऱ्यात तशीच होती आणि ट्रिनिडाडचे एक निवृत्त बस ड्रायव्हर कायम तिच्यातच बसायचे. भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा. पुस्तकं गुलामीची, स्वातंत्र्याच्या लढ्यांची, कामगारांच्या संघटनांची, कॅरिबियन बेटांची. ती लेखकांच्या नावांनी लावलेली नव्हती. कपाटांवर चिठ्ठ्या होत्या: ऊस. खाण. बंदर. रेल्वे. घरकाम. कापूस. पुस्तकातली माणसं जे काम करतात त्या कपाटात ते पुस्तक. घाना, जमैका, अमेरिकेचा दक्षिण भाग आणि इथला हा थंड किनारा असे एकाच फळीवर खेटून बसलेले. बाई म्हणायच्या, "देश नंतर आले. काम आधीचं आहे."

तिथं सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणत. मला ते जमेना. आमच्याकडे सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी. मी 'ताई' म्हणायला लागले.

"टाय? म्हणजे मी नेकटाय?"

"ताई. मोठी बहीण."

"मग हे सगळे काय वेगळं म्हणतायत?" त्या म्हणाल्या. पण नंतर कुणी फोनवर नाव विचारलं की मुद्दाम सांगायच्या, माझं अजून एक नाव आहे.

शनिवारी दुपारी दहा-बारा जण गोल बसायचे. कुणी हॉस्पिटलात सफाई करणारं, कुणी बंदरावरचं, कुणी विद्यार्थी. प्रत्येकाने एक पान वाचायचं, मग बोलायचं. आफ्रिकेची आणि जगभर विखुरलेल्या तिच्या लेकरांची गोष्ट एकच आहे, हे ताईंना पटवून द्यायचं नसायचंच. त्या ते धरूनच चालायच्या. मग मी तिथं कोण? हे मी एकदा विचारलं.

"तुझ्या घरात कोण काय काम करायचं?"

आजोबा नागपूरला कापडगिरणीत होते, मी सांगितलं. त्यांनी कापसाच्या कपाटाकडे बोट केलं. "तिथली तू. काहीतरी आण."

आजोबांचं एक जुनं छापील पत्रक माझ्याकडे होतं, गिरणी कामगारांच्या सभेचं. वडिलांनी ते वस्तीतल्या विहारामागच्या वाचनालयात जपून ठेवलं होतं आणि मी इकडे निघताना बॅगेत टाकलं होतं. ते घेऊन गेले. "मराठीत आहे," म्हटलं. "मग मराठीत वाच. मोठ्यानं."

मी उभी राहून वाचलं. खोलीतल्या कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं. बस ड्रायव्हरनी टोपाखाली डोळे मिटले. मी वाचत गेले तसा माझा आवाज सभेत बोलतात तसा व्हायला लागला, तो कुठून आला कळलं नाही.

"आता सांग," ताई म्हणाल्या.

"विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. पण आमच्या लोकांना तिथं घेत नसत."

"का?"

"धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आमच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालायचा नाही."

ताईंनी माझ्या हातातल्या पत्रकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हाताचा चालायचा?"

"हाताचा चालायचा."

त्यांनी पत्रक माझ्या हातातून घेतलं आणि कापसाच्या कपाटात दर्शनी ठेवलं. हे इथं कुणाला वाचता येणार नाही, असं मी म्हटलं. "तुला येतं ना? मग तू येत राहा."

मी येत राहिले.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात माझ्या मॅनेजरने मला खोलीत बोलावून दार लावलं. लाँड्रीचं शेड्युल ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंतच लाव, म्हणाली. पुढे कपडे बाहेरच्या कंपनीकडे धुवायला जाणार. एवढ्यात कुणाला सांगायचं नाही. लाँड्रीत अकरा बायका होत्या. मी "ओके" म्हटलं, परत जागेवर येऊन बसले आणि शेड्युल त्या शुक्रवारपर्यंत लावलं. घरी जाताना ग्रोसरी केली. शनिवारी वाचनालयात गेले. त्या महिन्यात एका बंदरातल्या हमालांच्या संपाबद्दल वाचन चालू होतं. माझं पान आलं, ते मी खणखणीत वाचलं.

काही दिवसांनी ताई माझ्या टेबलाशी आल्या.

"नोव्हेंबरचं शेड्युल लागलं नाही अजून."

"सिस्टिम अपडेट होतेय," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

तुम्ही म्हणाल, नोकरीची भीती असेल. होती. नवऱ्याचं काम सुटलेलं होतं, पीआरचे, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवानगीचे, आमचे कागद माझ्या नोकरीवर अडकले होते. हे सगळं खरं आहे. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला यातलं काही आठवलं नव्हतं. वाक्य तोंडातून सहज निघालं. आजही ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं आणि त्याला काही चढउतार नाही.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी अकरा जणींना काम संपल्याची पत्रं मिळाली. दुसऱ्या दिवशी मला एक पुस्तक परत करायचं होतं. आज वाचनालयात कुणी नसेल, पुस्तक दारातल्या पेटीत टाकून निघू, असा माझा बेत. आत अकराही जणी बसल्या होत्या. फिलिपिन्सची एक जण उभी राहून आपलं पत्र वाचत होती. तिचं इंग्रजी कामापुरतं. प्रत्येक शब्दावर ती जराशी थांबत होती.

"सात दिवसांत सही न केल्यास देऊ केलेली रक्कम मागे घेण्यात येईल."

"पुन्हा," ताई म्हणाल्या.

तिने पुन्हा वाचलं. मी दारातच उभी होते, हातात पुस्तक. ते सात दिवस मला ठाऊक होते. दोनच दिवस आधी मॅनेजरच्या मीटिंगमध्ये मी चहाचे कप गोळा करत असताना कुणीतरी म्हणालं होतं, लोकांनी वकिलाकडे जायच्या आत सही करावी म्हणून ते घातलंय, रक्कम काही कुणी मागे घेणार नाही.

"सात दिवसांचं खरं नाही," मी म्हटलं. "घाई व्हावी म्हणून आहे ते. आधी कुणाला तरी दाखवा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" ताईंनी विचारलं.

"हे परवा कळलं."

"आणि बाकीचं?"

"सप्टेंबरपासून."

"म्हणजे मी शेड्युल विचारलं तेव्हा."

"हो."

त्यांनी हातातलं पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं. "तेव्हा सांगायचं होतंस. तेव्हा आमच्याकडे सहा आठवडे होते." आवाज चढला नव्हता. चहात साखर कमी आहे म्हणावं, तशा म्हणाल्या. मग बाजूची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बस. पुढचं पत्र कुणाचं?"

आठ जणींनी सही केली नाही. त्या मिळून फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांकडे गेल्या आणि त्यांना पुढे त्याहून बरी रक्कम मिळाली. तिघींनी शुक्रवारीच, पत्र हातात पडल्या पडल्या, सही करून टाकली होती. वाचणारी ती फिलिपिन्सची बाई त्या तिघींतली. हे मला नंतर कळलं. सही केलेलं पत्र ती दोनदा मोठ्यानं वाचत होती.

लाँड्री बंद झाली. त्या खोलीत आता जादा व्हीलचेअर ठेवतात. माझं नाव कुठं आलं नाही. वसंतात आमचे कागद आले. मुलगी म्हणाली, "कंग्रॅट्स, आई," आणि आम्ही पिझ्झा मागवला.

ताई एका ऑफिसची सफाई करू लागल्या. त्या गोष्टीबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत. मी शनिवारी जात राहिले, माझ्या वाट्याचं पान मला मिळत राहिलं. एकदा तरी त्यांनी ओरडावं, सगळ्यांसमोर विचारावं, असं मला वाटायचं. त्या विचारायच्या, "चहा?"

यंदा फेब्रुवारीत एका शनिवारी गेले तर पायऱ्यांवर बर्फ तसाच होता. ताईंनी दहाच्या आत फावड्यानं तो काढून मीठ टाकलेलं असायचं. बस ड्रायव्हर फुटपाथवर उभे होते. त्यांनी सांगितलं, हॉस्पिटलात आहेत, स्वादुपिंडाचं आहे, उशिरा कळलं. मी एकदा भेटायला गेले. त्या झोपल्या होत्या. वीस मिनिटं बसले. शेजारच्या पलंगावर कुणाच्या तरी मोबाईलवर हॉकीची मॅच चालू होती. मला काही वाटत नव्हतं. काहीतरी वाटायला हवं एवढं कळत होतं. मग बसची वेळ झाली.

मार्चमध्ये त्या गेल्या. घरमालकाने महिनाअखेरीला जागा रिकामी करून घेतली. तिथं आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

अंत्यविधी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये झाला. नंतर तळघरात जेवण होतं. लांब टेबलांवर सँडविचेस, मॅकरोनी, माशांचे केक. मी भिंतीशी प्लेट घेऊन उभी राहिले. ताईंची मुलगी एकेकाला भेटत माझ्यापर्यंत आली. ती ओटावाला असते, सरकारी नोकरीत. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुम्ही आईला कशा ओळखत होता?"

"कामावरून," मी म्हटलं. "आणि शनिवारी यायचे मी. वाचनालयात."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही इंडियाच्या ना? टाय म्हणणाऱ्या?"

"हो."

"आई फोनवर सांगायची तुमच्याबद्दल. म्हणायची, एक जण येते, इतकी वर्षं झाली, दर शनिवारी चार तास बसते, पण कधी कोट काढत नाही. मी म्हटलं, अगं मग काढ म्हण ना तिला. तर म्हणाली, नको, तिचं तिला काढू दे."

तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.

तळघरात हीटर जोरात चालू होता. बायका डिशने वारा घेत होत्या. मी खाली पाहिलं. माझ्या कोटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती.