शिकायचं असेल तर पुण्याला या

मंगळवारी सकाळी मी पूजेला बसले होते. माझी मुलगी पल्लवी मोबाईल घेऊन देवघरापाशीच येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "आई, तो फोटो काढून टाक… आत्ताच."

आधी काय झालं ते सांगते. पल्लवी इथे अमरावतीत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. या लोकांना नोंदणी टिकवायची तर दर काही वर्षांनी नवीन प्रशिक्षण घेऊन गुण जमवावे लागतात. चांगलीच गोष्ट आहे, मनाचं काम करणाऱ्याने शिकत राहावंच. पण ही प्रशिक्षणं होतात कुठे… पुण्यात नाहीतर मुंबईत. फी वेगळी, गाडीभाडं वेगळं, राहणं वेगळं, आणि तीन दिवसांचा पगार कापला जातो तो वेगळाच.

फी लवकर भरली तर सूट असते म्हणे. मी मॅट्रिक झालेली बाई, घरचा हिशोब लिहिते, मला हे गणित काही पटलं नाही. ज्याच्या हातात पैसा तयार आहे त्याला स्वस्त… आणि ज्याला जमवायला दोन महिने लागतात त्याला महाग.

म्हणून अमरावती, अकोला, दर्यापूर, अचलपूर इथल्या आठ जणींनी मिळून भिशी सुरू केली. सगळ्यांच्या वर्गणीतून दर वेळी एकीने जायचं, शिकायचं, आणि परत आल्यावर बाकी सात जणींना शिकवायचं. पहिली चिठ्ठी पल्लवीची निघाली. विषय होता, स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांशी बोलायचं कसं.

पल्लवी पुण्याला जाऊन तीन दिवस शिकून आली, आणि त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी तिच्याकडून शिकायला आठही जणी आमच्या घरी जमल्या. मी सतरंजी टाकली, आलूबोंडे केले, आणि स्वयंपाकघरातून कान देऊन होते. अकोल्याची नसरीन शाळेत समुपदेशक आहे. तिने एकच प्रश्न तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा उत्तर लिहून घेतलं.

पेशंटचं नाव या मुली कधी तोंडातून काढत नाहीत. नसरीननेही काढलं नाही. पण मला समजलं… सोमवारी शाळा उघडली की हिच्यासमोर कोणाचं तरी लेकरू येऊन बसणार आहे.

माझा ऊर भरून आला. फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला, वर पल्लवी पुण्याला जिथे शिकली त्या संस्थेचं नावही लिहिलं, कौतुकाने. आमच्याकडे तीर्थाला गेलेला माणूस आला की प्रसाद गल्लीभर वाटतो. नाही वाटला तर लोक नावं ठेवतात. मला वाटलं, हेही तसंच…

तो फोटो संस्थेपर्यंत पोचला. मेल आला, की आमचा अभ्यासक्रम परवानगी नसताना शिकवला, म्हणून प्रमाणपत्र रोखलं आहे, लेखी माफी मागा. प्रमाणपत्र नाही म्हणजे गुण नाहीत. आणि पल्लवीची नोंदणी येत्या मार्चमध्ये संपते.

पल्लवीचे बाबा एवढंच म्हणाले, "तुले कोनं सांगतलं होतं गावभर दाखवाले?" खरंच होतं ते. मी फेसबुकवरून फोटो काढून टाकला आणि मग त्या संस्थेला फोन लावला.

त्या दिवशी एकादशी होती. उपासाला राग करू नये म्हणतात… केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "काकू, पॉलिसी आहे. ज्यांना शिकायचंय त्यांनी पुण्याला यावं ना." मी म्हटलं, "बाई, आठ जणी तिकडे येण्यापेक्षा तुमची एक जण इकडे आली तर किती सोपं. रेल्वे दोन्हीकडून चालते." तिने फोन ठेवला.

मला वाटलं, पल्लवी माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "आई, त्यांचं एक बरोबर आहे. हे अर्धवट शिकून लेकरांवर वापरलं तर नुकसान होते. मी तीन दिवसांचं एका दिवसात उरकलं." मला तेव्हा फार लागलं ते. रात्री जप करताना मात्र पटलं… मग राग दुप्पट झाला. अर्धवट नको ना? मग पूर्ण शिकवा. इथे येऊन शिकवा.

तसंच लिहिलं आम्ही. पल्लवीने माफी लिहिली, आणि खाली आठ जणींच्या सह्यांनी मागणी लिहिली, की आम्हाला पूर्ण शिकायचं आहे, वऱ्हाडात, परवडेल अशा फीमध्ये. एक प्रत ज्या मॅडमनी शिकवलं होतं त्यांनाही पाठवली.

संस्थेचं उत्तर अजून नाही. पण काल मॅडमचा फोन आला. प्रमाणपत्र रोखल्याचं त्यांना माहीतही नव्हतं. म्हणाल्या, मी स्वतः तीन दिवस अमरावतीला येते, मानधन नको, जागा तेवढी बघा. आमच्या भजनी मंडळाचा हॉल मी तासाभरात ठरवला.

एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. संस्थेचा शिक्का नसेल, म्हणून गुण मिळणार नाहीत. म्हणजे माझी मुलगी हा विषय दोनदा शिकणार, आणि कागदावर एकदाही शिकलेली नसणार… या व्यवस्थेला काय म्हणावं.

पल्लवीने हे ग्रुपवर टाकलं, मला वाटलं निम्म्या गळतील. सगळ्यात आधी नसरीनचं आलं, "गुण नाही तर नाही, मी येऊन राहिली." मग एकेक करत बाकी सहाही जणींचं.

मॅडमचे उपकार मी देवापुढे बसून मानले. राग मात्र देवाला वाहिला नाही… तो मला अजून लागणार आहे. मार्चपर्यंत बरीच पत्रं लिहायची आहेत.